बुधवार पेठेतली आजी आणि वानखेडेताई

वानखेडेताई खोटं बोलतात, असं मी बारा जणांसमोर म्हटलं होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. हे आधी सांगून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल चांगलं लिहिण्याचा अधिकार मला त्यानंतरच.

आमची प्रयोगशाळा लहान. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणाऱ्यांची कामं मी वाटून देतो. ताई अमरावतीकडच्या, पन्नाशीच्या, अंगाने बारीक. रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधला की त्या हमखास विचारायच्या, "आज भाजी कोणती?" समोरचा रात्रीपासून उपाशी. तो वैतागून काहीतरी सांगेपर्यंत नळी भरलेली असायची. मी एकदा याबद्दल हटकलं, तर म्हणाल्या, "उपाशी माणूस भाजीचं नाव काढतो ना सर, तवा त्याले सुई दिसत नाही."

सांगितलेली सूचना त्या अक्षरशः पाळत. नळीवर नाव रुग्णासमोरच लिहायचं, हा नियम सगळ्यांना माहीत होता. ताई नाव लिहून ते रुग्णाला मोठ्यानं वाचायलाही लावत. बाकीचे हसत. "हसा जी," त्या म्हणत, "नळी बदलली तर तो माणूस नाही हसणार."

एका सकाळी परदेशातून एका मुलाचा फोन आला. त्याची आई बुधवार पेठेत एकटी राहते. "रिपोर्ट आलाय, पण आई म्हणते घरी कोणी आलंच नव्हतं. मग हे रक्त कोणाचं?" मी हादरलो. घरी न जाता भलत्याचंच रक्त नळीत भरून आणणं, याहून मोठा गुन्हा आमच्या कामात नाही. नमुना घेतल्यावर अ‍ॅपमध्ये बटण दाबावं लागतं आणि त्या क्षणाचं लोकेशन नोंदलं जातं. त्या घरचं काम ताईंकडे होतं. मी नकाशा उघडला. ताईंचा ठिपका बुधवार पेठेत नव्हताच. तो सारसबागेपाशी होता.

सकाळच्या बैठकीत मी तो नकाशा सगळ्यांना दाखवला.

"मी गेली होती सर. त्या घरी पहिल्यांदाच गेली. आजींच्या डाव्या हाताची शीर सापडेना, म्हणून उजव्या हातातून घेतलं."

"वानखेडे, मोबाइल खोटं बोलत नाही." 'ताई' मी त्याच वाक्यात गाळलं.

"म्हणजे मी बोलते?"

"हो."

त्यांनी कंपनीचा फोन टेबलावर ठेवला, बॅग ठेवली, बॅगेतले न वापरलेले कापसाचे बोळे मोजून दाखवले आणि गेल्या. फोन मी ड्रॉवरमध्ये टाकला.

महिन्याभराने त्याच आजींची पुन्हा तपासणी आली. माणूस कमी होता, म्हणून पूर्वी हेच काम केलेला मीच निघालो. माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप नव्हतं, तेव्हा ताईंचा फोन चार्ज करून घेतला. आजींनी दार उघडलं. मी पट्टा बांधला, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही भाजी नाही विचारत? मागच्या वेळच्या बाईंनी विचारली होती. मी चाकवत म्हटलं, तर म्हणाल्या ताकातला करा. उजव्या हातातून घ्या हं, त्यांनी तसंच घेतलं होतं. मुलानं विचारलं तेव्हा विसरलेच होते, नंतर आठवलं."

मी उजव्या हातातून नमुना घेतला आणि बटण दाबलं. ठिपका उमटला, सारसबागेपाशी. मी आजींच्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि फोनच्या मते सारसबागेत.

जिन्यात बसून सेटिंग उघडलं. अ‍ॅपचं अचूक लोकेशन बंद होतं, त्यामुळे फोन फक्त अंदाजे जागा कळवत होता. ते कोणी बंद केलं, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला एक मेसेज ताईंनी तारा लावून जपून ठेवला होता. तो माझा होता. 'बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. सर्वांनी अचूक लोकेशन बंद ठेवावे. सूचना काटेकोरपणे पाळावी.' तक्रारीच्या आठच दिवस आधीचा. मी तो लिहिल्याचंही विसरलो होतो.

परत येऊन मी आमच्या जुन्या सहकारी जोशीबाईंना विचारलं, "तुमचा ठिपका बरोबर कसा येतो? अचूक लोकेशन बंद नाही केलंत?"

"तुमचे सगळे मेसेज पाळायचे, तर रक्त कधी काढायचं?" त्या म्हणाल्या.

मग मी बाकीच्यांचेही फोन पाहिले. बारा जणांतल्या एकानेही ती सूचना पाळली नव्हती. पाळली होती ती एकट्या ताईंनी.

संध्याकाळी धायरीला त्यांच्या घरी गेलो. त्यांना तिथल्याच एका दवाखान्यात काम मिळालं होतं. त्यांनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आणि परत या म्हटलं.

"परत नाही येत सर. इथं बरं चाललंय." मग म्हणाल्या, "आणि माफी इथं कोण ऐकणार? मी अन् ही भिंत. जिथं म्हटलं होतं, तिथं म्हणा. मी येते."

सोमवारी त्या आल्या आणि दारापाशीच उभ्या राहिल्या. खुर्ची दिली, ती घेतली नाही. मी बारा जणांसमोर तो मेसेज मोठ्यानं वाचला, खालच्या माझ्या नावासकट. मग त्यांच्याकडे वळलो.

"वानखेडेताई, तुम्ही त्या घरी गेला होतात. चूक माझ्या सूचनेची होती आणि खोटं मी तुम्हाला ठरवलं. एकदा त्या आजींना विचारून यावं, एवढंही मी केलं नाही. मला माफ करा."