कमरोद्दीन मिस्त्रीची खारी भिंत

हर्सूलच्या कमरोद्दीन मिस्त्रीनं बासष्ट वर्षांत पाह्यलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण. समुद्र त्यानं बघितला नव्हता. पण दिवाळीपासून अख्ख्या हर्सुलात समुद्रावर त्याच्याइतकं बोलणारा दुसरा माणूस सापडला नसता.

"समंदरची हवा लई वंगाळ," कडूबाच्या हॉटेलात बशीतला चहा फुंकत तो सांगायचा. "शिमिटाच्या आतलं लोखंड खाती. गज फुगतो, स्लॅब फुटतो, घर खाली. तिथं चुनाच पायजे. चुना श्वास घेतो."

"तुमी कधी जाऊन आलते, चाचा?" कडूबा विचारायचा.

"जाणारंय! हेड मिस्त्री म्हणून जाणारंय."

हे जाणं मात्र एका भिंतीवर अडकलं होतं.

आर्किटेक्ट प्रेरणा म्याडम मूळ इथल्या शहरातल्याच, पण आता दापोलीकडं समुद्राकाठी घरं बांधत होत्या. सिमेंट नाही, एसी नाही. जांभा दगड, चुन्याचा गिलावा, रुंद पडव्या आणि वारा या भिंतीतून शिरून त्या भिंतीतून निघून जाईल अशा खिडक्या. चुना मळणारा जुना हात काही त्यांना सापडत नव्हता. कमरोद्दीनच्या घराण्यात चार पिढ्या चुना दळायच्या घाणीवर गेलेल्या. पण गेली तीस वर्षं त्याला कुणी चुना मागितलाच नव्हता. लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवता बसवता त्याचे गुडघे गेले होते. दिवाळीत म्याडमनी घरी येऊन घाणीचं नाव काढलं तसा हा माणूस खुर्चीतून उठून उभाच राह्यला.

अट एकच होती. घरामागच्या मोकळ्या जागेत सहा फूट उंच नमुना-भिंत बांधायची. तिच्यावर चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, समुद्राइतकं खारं पाणी मारायचं. भिंत टिकली तर काम मिस्त्रीचं.

मिस्त्रीनं अब्बांचा नुस्खा काढला: विझवलेला चुना, विटांचा चुरा, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी आणि गूळ. अब्बा सांगायचे, आपल्या घराला गूळ एक हिस्सा, सासुरवाडीच्या घराला दोन. समुद्र काय सासुरवाडीपेक्षा कमी? मिस्त्रीनं दोन हिस्से घातला, वर आणखी एक मूठ.

अकराव्या दिवशी शेजारची भागूबाई कुंपणावरून ओरडली, "मिस्त्रीभाई, काय मुरवलंय त्या भिंतीत? माझ्या नऊच्या नऊ बकऱ्या तिथून हलना गेल्या!"

बकऱ्या भिंत चाटत होत्या. वरून मीठ, आतून गूळ. एवढी मेजवानी त्यांच्या सात पिढ्यांनी पाह्यली नसेल. मिस्त्रीला आधी हसू आलं, मग त्यानं काठी घेतली. पण तो दुपारची नमाज पढून जरा आडवा झाला की बकऱ्यांचा दस्तरखान मांडला जायचा. बाभळीच्या काट्या लावल्या, तर काट्याही खाऊन टाकल्या. तिसाव्या दिवशी भिंतीचा खालचा अर्धा भाग चोखलेल्या कोयीसारखा दिसायला लागला.

"पोत डालो ना जी," बायको नजमा हळूच म्हणाली. "म्याडम कू क्या समझता?"

त्यानं थापीवर चुना घेतलासुद्धा. भिंतीसमोर उभा राह्यला, आणि थापी परत घमेल्यात टाकली. "मेरे कू तो समझता ना," म्हणाला.

चाळीसाव्या दिवशी प्रेरणा म्याडम आल्या. गल्लीतली माणसंही आली, कडूबा तर हॉटेल बंद करून आला. म्याडमनी भिंत पाह्यली आणि त्यांचं तोंडच उतरलं.

"चाचा, खारं पाणी खालून चढलंय. कंबरेपर्यंत गिलावा गेला." त्यांनी वही काढली. "मला लई आशा होती हो."

गप्प बसावं तर समुद्र गेला. बोलावं तर चार पिढ्यांचं नाव गेलं. ज्याची भिंत बकरीनं खाल्ली असा मिस्त्री शहरात दुसरा नव्हता. म्याडमचं पेन कागदावर टेकलं.

"लिवू नका, म्याडम. मिठानं नाय खाल्ली. बकऱ्यांनी खाल्ली."

कडूबा पोट धरून खालीच बसला. "समंदर ऱ्हायला बाजूला, चाचाची भिंत बकरीनं पचवली!"

"माझ्या बकऱ्यांचं नाव घ्यायचं काम नाय!" भागूबाई उसळली. "त्या भिंती खात नसत्यात. कडबा खात्यात, चांगल्या घरच्या हायेत."

प्रेरणा म्याडमनी कुणाकडंच लक्ष दिलं नाही. भिंतीच्या वरच्या भागावर त्यांनी हातोडीनं खिळा मारला. खिळाच वाकला. दुसराही वाकला. मग खालचा एक कपचा उचलून त्यांनी जिभेला लावला.

"चाचा, गूळ किती घातला?"

"दोन हिस्से... आन एक मूठ."

"एवढा कशाला?"

"इज्जतीचं काम होतं, म्याडम."

म्याडम आता हसल्या. "वरची भिंत दगड झालीय. पण बकऱ्यांचं मला डोळ्यांनी बघू द्या."

भागूबाईनं फणकाऱ्यानं दावी सोडली. नऊ बकऱ्या भर गर्दीतून, कुणाच्या पायांमधून, सरळ भिंतीला जाऊन चिकटल्या. भागूबाई पदरानं तोंड झाकून आभाळाकडं बघत बसली.

"सोमवारी निघू," म्याडम म्हणाल्या. मिस्त्रीला ऐकू आलं, पण खरं वाटेना. "गूळ निम्मा करायचा. आणि खाली चुन्याऐवजी उघडा दगडच ठेवू. लाटांचे शिंतोडेही तिथवरच येतात आणि बकऱ्या कोकणातही आहेत. बकरी मागच्या पायांवर उभी राहिली तर कुठवर पोचते?"

हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून मग चार पिढ्यांचा चुनामिस्त्री कमरोद्दीन, बाभळीचा डहाळा उंच धरून, सगळ्या गल्लीसमोर भागूबाईच्या काळ्या बकरीला उभं करायला लागला. "वर, बाई, वर!" असं तो तिला विनवत होता. नजमा टेप धरून होती. कडूबाला हसून हसून उचकी लागली होती. मिस्त्रीला त्याचं काही वाटत नव्हतं.

"चार फूट सात!" नजमानं वाचलं.

"पाच लिवा, म्याडम," मिस्त्री धापा टाकत म्हणाला. "तिकडली बकरी उंच निघाली तर?"