राळेगाव ते यवतमाळ, पिवळ्या पिशवीसकट

लोक डिसेंबरात गोव्याला जातात. मी राळेगावला गेले, आणि त्याला कारण झाली एक दालमिल.

सुमनमामीचा फोन आला तेव्हा मी नागपुरात बँकेच्या काउंटरवर नुकताच डबा उघडत होते. "वैशू, शुक्रवार-शनिवारची सुट्टी काढतं का वं? यवतमाळले जाचं आहे. जोखमीचं काम आहे."

काम असं होतं. मामीच्या बचत गटातल्या सात बायकांनी पाच वर्षं पै-पै साठवली होती. आपली तूर व्यापाऱ्याला विकून त्याच तुरीची डाळ दुप्पट भावानं विकत आणायची, याचा त्यांना कंटाळा आला होता. यवतमाळात एक गृहस्थ आपली छोटी दालमिल विकून मुलाकडे राहायला निघाले होते. किंमत एक लाख साठ हजार. चेक नको म्हणाले, मोबाईलवरून एका दिवसात एवढी रक्कम जाईना, आणि सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. तेव्हा शनिवारी रोख आणा आणि यंत्र घेऊन जा. बाकीच्या सहा जणी कापूस वेचायला शेतात, म्हणून मामीच्या जोडीला मी. कॅशवर अकरा वर्षं बसलेली भाची घरात असताना दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं?

आता तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर. नागपूरहून यवतमाळची एसटी धरायची, कळंबला उतरायचं. तीन तास लागतात आणि बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे सव्वाशेच्या आत काम होतं. कळंबहून राळेगावची गाडी मिळते. डिसेंबरात खिडकीची जागा सोडू नका. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, मधून तुरीच्या हिरव्या ओळी, आणि ऊन अंगाला बरं वाटतं. मी शुक्रवारी दुपारी पोचले, तेव्हा मामी अंगणात शेंगा तोडत बसली होती.

संध्याकाळी वांग्याची भाजी-भाकर खाऊन मी माझा वर्ग घेतला. बँकेत आम्ही भिंतीला लावलेले नियमच ते, मला तोंडपाठ. दिवसा जायचं. एकट्यानं जायचं नाही. पैसे आहेत हे कुणाला सांगायचं नाही. नवी कोरी बॅग घ्यायची नाही. रक्कम दोन जागी ठेवायची. वाटेत अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या नाहीत.

"दोन जागी ठेवले तं दोन्हीकडं जीव टांगणीले," मामी म्हणाली. "एकाच जागी राहू दे." तिनं नोटा जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दोन गाठी मारल्या, गाठोडं एका पिवळ्या पिशवीच्या तळाशी ठेवलं, वर पाण्याची बाटली आणि तुरीच्या शेंगा भरल्या आणि तोंड सुतळीनं बांधलं. पिशवी बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली, वर कापसाच्या बोंडाचं चित्र.

"हे पाह्य. अख्ख्या तालुक्यात घरोघरी हेच पिशवी आहे. चोर ढुंकून बी पाह्यणार नाही."

मला मनापासून पटलं. एवढंच नाही, मी त्यात माझी अक्कल ओतली. "आणि मामी, पिशवी छातीशी कवटाळायची नाही. त्यानंच संशय येतो. पायाशी टाकायची, शेंगा असल्यासारखी." हे वाक्य पुढं मला फार महागात पडलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

शनिवारी सकाळची पहिली गाडी धरून साडेआठला आम्ही कळंबला. मामी म्हणाली, दर्शन घेऊ. मी म्हटलं, एवढी रक्कम घेऊन गर्दीत जायचं नसतं. "सात घराईची चिंता पिशवीत घेऊन चिंतामणीच्या दारावरून जाचं अन् आत नाही जाचं? काय म्हणन तो?" बँकेच्या भिंतीवर देवाचा नियम नव्हता, मी चपला काढल्या.

चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरचा आवाज एकेका पायरीला कमी होतो आणि खाली गार, शांत. शनिवारी सकाळी फारशी गर्दी नव्हती. मामीनं पिशवीसकट नमस्कार केला. मी मात्र देवापेक्षा पिशवीकडेच पाहत होते, त्यामुळे आत काय काय बघण्यासारखं आहे हे तुम्हीच जाऊन बघा.

कळंबहून यवतमाळच्या गाडीत तिघींच्या बाकड्यावर जागा मिळाली. मी खिडकीत, मामी मधे, आणि कडेला नऊवारीतल्या एक आजीबाई. गाडी सुटली नाही तोच त्यांनी विचारलं, "कुठं चालल्या बाई?"

मी मामीला कोपर मारलं. मामीनं ते कोपर बाजूला सारलं.

"यवतमाळले. भाचीले साडी घ्याची आहे. तुम्ही?"

"माही पोरगी बाळंत झाली परवा. नातू झाला. दत्त चौकाच्या पुढं दवाखाना आहे, खाली औषधाचं दुकान. चार वर्षानं पाळणा हलला बाप्पा. अजून तोंड नाही पाह्यलं म्या त्याचं."

पुढचा पाऊण तास मी खिडकीतून बाहेर बघत कुढत होते आणि मामी नियम धाब्यावर बसवत होती. आजीबाईंचं नाव गिरजाबाई. गाव कळंबपासून दोन कोसांवर. शेत किती, जावई काय करतो, पोरीच्या वेळी कळा किती तास आल्या, सगळं निघालं. मामीनं आपलंही सगळं सांगितलं, फक्त पैशाचं सोडून. मला एवढंच समाधान, की पिशवी माझ्या सांगण्याप्रमाणे बेफिकीर पायाशी पडलेली होती.

यवतमाळ आलं. कंडक्टर ओरडायच्या आत सगळी गाडी उभी राहिली. गिरजाबाई कडेला, त्या आधी उतरल्या, "येतो बाई" म्हणाल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. आम्ही पिशवी उचलून स्टँडबाहेरच्या पोह्यांच्या गाडीवर गेलो. यवतमाळात उतरून तर्री-पोहे न खाता पुढं जाणाऱ्या माणसाचं मला नवल वाटतं. तीस रुपयांत भरलेली प्लेट, वर हरभऱ्याच्या रश्श्याची लालभडक तर्री. दोन घास खाल्ले आणि ठसका लागला.

"मामी, पाण्याची बाटली काढ."

मामीनं सुतळी सोडली. आत एक स्टीलचा डबा होता. त्याच्या खाली दोन झबली, एक लोकरीची टोपी, मऊ केलेलं जुनं धोतर.

मामीनं पिशवी उलटीपालटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला शेंगा असतील. तेच बोंडाचं चित्र, तशीच सुतळी.

"माय वं," ती इतक्या हळू म्हणाली की मला ओठांवरूनच कळलं. "सात घराईचे पैसे."

पायाशी टाक म्हणणारी मी होते. मामीला साखरेचा आजार, सकाळपासून पोटात फक्त चहा, ती घामानं डबडबली आणि बाकावर कलंडायला लागली. मी समोरचा डबा उघडला. डिंकाचे लाडू होते. एक तिच्या तोंडात कोंबला. दुसरा मी कधी खाल्ला ते मला आठवत नाही, पण खाल्ला खरा.

पोहेवाले धावत आले. "काय हरवलं ताई?"

इथं पैसे म्हटलं असतं, तर पाच मिनिटांत सगळ्या स्टँडला कळलं असतं की एक म्हातारी बाई पिवळ्या पिशवीत दीड लाखाच्या वर रक्कम घेऊन गावात फिरते आहे, आणि तिचं तिलाही ठाऊक नाही. पैसे तर जातीलच, पण त्या बिचारीचं काय होईल?

"पिशवी बदलली. आमच्या पिशवीत तुरीच्या शेंगा होत्या."

"शेंगाईसाठी रडून राह्यल्या काय?" ते थक्क झाले. "बाजारात ढीग पडला आहे, चला मी देतो घेऊन."

तेवढ्यात मामी सावरून बसली. "वैशू, उठ. दत्त चौकाच्या पुढं. खाली औषधाचं दुकान. म्या इचारलं होतं ना."

विचारलं होतं. मी कोपर मारत असताना विचारलं होतं.

ऑटोवाल्या भाऊंनी चाळीस रुपये सांगितले. एरवी मी तीसवर अडले असते. मामी मागून सारखी "चला ना भाऊ, लवकर चला" करत होती. त्यांनी आरशातून विचारलं, "मावशी, ऐसा क्या है बॅग में?" मी म्हटलं, शेंगा. त्यांनी एकदा मामीच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि पुढं एक शब्द न बोलता ऑटो अशी काही दामटली की दत्त चौक कधी मागं गेला कळलं नाही.

दवाखान्याच्या जिन्याखाली एक लाकडी बाक होता. त्यावर गिरजाबाई बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती, हनुवटी वर टेकवलेली. मी मामीला जशी धरू नको म्हणून बजावलं होतं, अगदी तश्शी कवटाळून.

"आल्या का?" त्या म्हणाल्या. "किती वेळ बाई! बसा."

मी पिशवीकडे हात केला, तर त्यांनी ती मागं घेतली. "आंहां. आधी सांगा, तुमच्या पिशवीत काय आहे?"

"शेंगा," मामी म्हणाली.

"अन् खाली?"

आजूबाजूला माणसं होती. मामीनं वाकून त्यांच्या कानात सांगितलं. फडकं कसलं, गाठी किती, तेही सांगितलं असावं. गिरजाबाईंनी मान डोलावली आणि पिशवी मामीच्या मांडीवर ठेवली. मामी तिच्यावर डोकं टेकवून ढसाढसा रडली. मीही रडले, लपवत नाही.

मग हळूहळू कळलं. त्यांनी इथं येऊन लाडू काढायला सुतळी सोडली, तर शेंगा. गाठोडं चाचपलं आणि एक गाठ सोडताच नोटेचा कोपरा दिसला. त्यांनी गाठ परत मारली आणि बाकावर बसल्या. जावई तीनदा वरून बोलवायला आला. पाय दुखतात सांगून त्याला परत पाठवला.

"जावयाले नाही सांगितलं?" मामीनं विचारलं.

"नाही. पोरगा चांगला आहे. पण पैसा पाह्यला का माणसाले सल्ले सुचतात."

"अन् स्टँडवर नाही गेल्या?"

"मी तिकडं गेलो असतो अन् तुम्ही इकडं आल्या असत्या तं? एवढी बोलकी बाई, सारं इचारून गेली होती. म्हटलं, येतेच ते इथं."

"म्हणजे तुम्ही अजून वर गेल्याच नाही?" मी विचारलं. "बाळाला पाहिलं नाही?"

"पिशवी कोणाजवळ ठेवू मंग?" त्या मला समजावल्यासारखं म्हणाल्या. "वर सारं सासर भरलं आहे. मांडीवर लेकरू घेऊ का पिशवी?"

चार वर्षांनी झालेला नातू एका जिन्यावर होता, आणि ही बाई इतका वेळ खाली बसली होती, ज्यांचं आडनावही माहीत नाही अशा दोघींसाठी.

"मोजून घ्या," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मोजले नाही?"

"कायले? मोजले असते तं आकडा डोक्यात बसला असता. मंग मले इथं बसवलं नसतं."

मामीनंही मोजले नाहीत. आम्ही त्यांची पिशवी पुढं केली. गिरजाबाईंनी झबली बघितली, टोपी बघितली, डबा उघडला आणि बोटानं लाडू मोजायला लागल्या.

"एकवीस भरले होते. हे एकोणीस भरून राह्यले."

सगळं सांगितलं. मामीला चक्कर आली होती, तिला एक दिला. "तिचं समजलं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू काहून खाल्ला? तू बाळंतीण आहे का वं?"

हसू आवरेना. औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा डोकावून बघून गेला. मग गिरजाबाई आम्हाला हाताला धरून वर घेऊन गेल्या. आम्ही दाराशी थांबलो. त्यांनी आधी हात धुतले, मग लेकराला घेतलं आणि लोकरीची टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. मामीनं स्वतःच्या बटव्यातून पन्नासची नोट काढून त्याच्या मुठीत दिली. त्यानं ती घट्ट धरली.

दुपारी दालमिल ताब्यात आली. टेम्पोवाल्यानं गावापर्यंत अठराशे घेतले आणि ऊन उतरायच्या आत यंत्र मामीच्या ओसरीत पोचलं. सहाही जणी वेचणी टाकून आल्या होत्या, कपाळाला लावायला कुंकू घेऊन. पिशवीची गोष्ट मामीनं तिथं सांगितली नाही. मिल सुरू होऊन पहिला नफा हातात आला, त्या दिवशी सांगितली म्हणे.

आता नागपुरात परत काउंटरवर आहे. भिंतीवरचे नियम चूक नाहीत, ते पाळाच. दिवसा जा, सोबत घेऊन जा, पैशाचं कुणाला बोलू नका. फक्त सगळ्यांजवळ असते ती पिशवी घेऊ नका, आणि घेतलीच तर मांडीवरून खाली ठेवू नका. आणि शेजारी बसलेल्या बाईला तिचं गाव, तिची माणसं, ती कुठं चालली हे जरूर विचारा. हा नियम मी साहेबांना सुचवला, त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

मागच्या आठवड्यात गिरजाबाईंकडे बारसं होतं, सव्वा महिन्यानंतरचं. मामी पाच किलो डाळ घेऊन गेली, आपल्या मिलची. त्याच पिवळ्या पिशवीत, पण आता तिच्यावर काळ्या मार्करनं मोठ्ठं 'सुमन' लिहिलेलं आहे. सोबत माझ्याकडून भरपाई म्हणून डिंकाचे अकरा लाडू नेले होते. संध्याकाळी तिचा फोन आला. डाळ गिरजाबाईंनी आनंदानं ठेवून घेतली. लाडवाचा डबा उघडून दोन मोजून काढले, आणि नऊ परत पाठवले.