भासऱ्यांची दाढी

आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ गोविंदराव, दाढीला पाऊण तास लावायचे. सीताफळाच्या झाडाला आरसा, दगडावर कढत पाण्याचा तांब्या, वाटीत साबण. ब्रश इतका फिरवायचे की फेस नाकात जायचा. मग पितळी रेझर. एकदा वरून खाली, परत फेस, मग खालून वर. शेवटी बाटलीतलं लोशन तळव्यांवर घेऊन गालांवर चापट्या मारायचे आणि डोळे मिटून जरा वेळ गप बसायचे. आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभा राहून दिवसभर शिव्या खाणारा माणूस. म्हणायचे, "एवढाच टाइम आपला. बाकी दिवस लोकायचा."

पण हे मला उद्देशून नाही म्हणायचे. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही, समोर पदर घेते, अंगाला अंग लागू देत नाही. त्रेचाळीस वर्षं मी पाणी तापवलं, दगडावर ठेवलं आणि मागं फिरले. निरोप आधी नवऱ्याकरवी, मग पोरांकरवी. त्यांची बायको लवकर गेली, पुढं माझा नवराही गेला, पोरं हैदराबादला. भीमपूरच्या घरात राहिलो आम्ही दोघं आणि एक शेळी. तेव्हा शेळीला म्हणायचे, "पाणी कोमट होऊन राह्यलं, सांग तिले." मीही शेळीलाच म्हणायची, "तापवून राह्यले, दम धरा म्हणावं." शेजारची वच्छला हसायची. मला हसू येत नसे. चूल फुंकण्यातच माझा जीव निघायचा.

मग त्यांचे हात थरथरू लागले. एकदा सलूनमध्ये गेले. न्हाव्यानं मशीन फिरवून दोन मिनिटांत मोकळं केलं. घरी येऊन शेळीला म्हणाले, "तुह्यावानी ठेवली त्यानं." परत गेले नाहीत. एका सकाळी हनुवटीखाली खोल चिरलं, बनियन लाल झाली, तरी रेझर सोडेनात. मी शेळीला म्हटलं, "दगडावर ठेवा म्हणावं."  मग ठेवलं.

पदर दातात धरून मी दाढी केली. कातडी ताणायला मधे ओलं फडकं. कंबर दुखत होती, पण करायला दुसरं होतं कोण? वच्छलानं विचारलंच, "काऊन वं, भासऱ्याच्या गालाले हात लावतं?"

"हात नाही, ब्लेड लावते," मी म्हटलं.

दोन वर्षं रोज केली. लोशन मात्र ते स्वतः लावायचे. अर्धं सांडायचं, पण ते काम तळव्याचं, म्हणून मी बाटली दगडावर ठेवून बाजूला व्हायची.

गेल्या पौषात त्यांचे हात उचलेनातच. दाढी झाली, बाटली ठेवली. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. लोशनाशिवाय त्यांची दाढी पुरी होत नव्हती आणि मागायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं. मला थंडी वाजत होती, बाकीची कामं पडली होती. मी लोशन हातावर घेतलं आणि त्यांचे दोन्ही गाल धरले. मधे फडकं नव्हतं.

त्यांनी श्वास आत ओढला, डोळे मिटले, मग उघडले. शेळी बाजूलाच होती. पण बघितलं माझ्याकडे.

"झोंबते," म्हणाले.

"झोंबू द्या," मी म्हटलं.

आठ दिवसांनी गेले. तेवढे आठ दिवस आम्ही सरळ बोललो. बहुतेक पाण्याबद्दलच.