नेने आणि माझ्या बायकोची दोन नावं

नेने कुणाच्याही घरी गेले, की बूट काढायच्या आधी विचारायचे, "पासपोर्ट कुठला?" वाढदिवस असो की सत्यनारायण. इंग्लंडात, आमच्या वॉटफर्डमध्ये नव्यानेच आलेल्या एका जावयाने घाबरून खरंच पासपोर्ट आणून दिला. नेन्यांनी तो उलटसुलट पाहिला, "सहा महिन्यांत संपतोय," म्हणाले आणि मगच पेढा उचलला.

टपाल खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ आमच्या इथल्या मराठी मंडळाचा बिनपगारी व्हिसा अधिकारी होता. कापडी पिशवीत नियमांचे छापील कागद, त्यांवर पेन्सिलीच्या रेघा. "नातं सांगू नका, नातं दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका बाईंनी लग्नाचा अल्बमच पुढे केला, तर म्हणाले, "पंगत छान दिसतेय. दाखला कुठाय?"

२००७ची गोष्ट असेल. पॅरिसला आमच्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, बाळंतपणाला जायचं होतं. मी ब्रिटिश नागरिक झालो होतो. तिने भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. मी बँकेचे कागद जमवायला लागलो तेव्हा नेने हसले.

"डॉक्टर, तुम्ही ब्रिटिश, म्हणजे युरोपीय संघाचे नागरिक. तुमची बायको तुमच्यासोबत फ्रान्सला निघाली, की तिचा व्हिसा फुकट. बँक नको, हॉटेल नको. दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि तुम्ही सोबत जाताय याचा पुरावा. वहिनींचं माहेरचं नाव काय?"

"कुसुम."

"दाखल्यावर कुसुम, पासपोर्टवर मेधा. मग नाव बदलल्याचं गॅझेटचं कात्रण जोडा." निघताना दारातून पुन्हा ओरडले, "डॉक्टर, कात्रण!"

मी मान डोलावली आणि विसरलो. माझा जन्म पेशंटना सूचना देण्यात गेला. दुसऱ्याच्या ऐकायची सवय नव्हती.

व्हिसाच्या खिडकीमागच्या मुलीने दाखला पाहिला, पासपोर्ट पाहिला, मग आम्हा दोघांकडे पाहिलं.

"सर, तुमचं लग्न कुसुमशी झालंय. त्या कुठे आहेत?"

"या काय."

"या तर मेधा."

"त्याही याच. आमच्यात लग्नात नवरा बायकोचं नाव बदलतो. मी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं."

"त्याचा काही कागद?"

मी तांदळाचं आणखी खुलासेवार सांगू लागलो. मेधाने कोपराने ढोसलं, "अहो, तिला तांदूळ काय शिजवायचेत? कागद द्या ना!"

कागद पुण्याला मेव्हण्याच्या कपाटात होता. तो शोधून, पाठवून, खिडकीची पुढची वेळ मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढ्यात नात जन्मली. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू मी खाल्ले. मेधाने एकालाही हात लावला नाही.

त्या दिवशी खिडकीवरून परतताना तिने विचारलं होतं, "नेने भाऊजींनी हे सांगितलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या स्नेहभोजनात तिने चारचौघांत नेन्यांना गाठलं. "भाऊजी, जगाला नियम सांगता, आणि आमच्याच वेळी कसं राहिलं हो? लेकीजवळ नव्हते मी!"

नेन्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटाटेवड्यात गुंतलो होतो.

"राहिलं असेल, वहिनी," ते म्हणाले. "वय झालं."

ही गोष्ट मंडळभर झाली. लोक सॉलिसिटरकडे जायला लागले. नेने कार्यक्रमांना येत राहिले, पण पिशवीशिवाय. कुणालाही काही न विचारता मागच्या रांगेत बसायचे.

पुढे ते आजारी पडले, तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये गेलो. मोठ्या हिमतीने म्हणालो, "नेने, कात्रणाचं तुम्ही सांगितलं होतं."

"दोनदा," ते म्हणाले. "वहिनींना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला काय सांगताय? मला माहीतच आहे." आणि शेजारच्या खाटेवरच्या पोलिश माणसाची बायको कुठल्या देशाची, हे मला हळूच सांगू लागले. आठवड्याभराने गेले.

त्यालाही बरीच वर्षं झाली. मंडळाच्या अंकासाठी आज हे लिहून काढलं आणि पाठवण्याआधी मेधाच्या हातात दिलं. ती समोर बसून वाचते आहे. मघाशी दोनदा हसली. आता हसायची थांबली आहे.