काशीबाईंचा खांदा

तीर्थपुरीच्या दवाखान्यात मी लॅब सांभाळायला रुजू झालो, ते साल नव्वदच्या आगेमागे असेल. पहिल्याच दिवशी पाहिले, तर डॉ. कांतिलालजी तापाने फणफणलेल्या एका गृहस्थांना विचारत होते, "मागच्या पंगतीत काय काय वाढलं होतं?" ते गृहस्थ बुंदीचे वर्णन करता करता उठून बसले. डॉक्टरसाहेब भलतेच खवय्ये दिसतात, असे मला वाटले.

प्रत्यक्षात ते टायफॉइडचा माग काढत होते. तीन लग्ने झाली आणि प्रत्येक लग्नानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही वऱ्हाडी तापले. घरे वेगळी, विहिरी वेगळ्या. सगळ्यांच्या जेवणात सारखा निघाला तो फक्त मठ्ठा, आणि तो तिन्ही ठिकाणी काशीबाईंच्या हातचा. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ढवळल्याशिवाय आमच्या गावात पंगत बसत नसे. त्यांना स्वतःला साधी शिंकही येत नव्हती. पण स्वतःच्या लग्नाआधी त्यांना मोठा ताप, म्हणजे बहुधा टायफॉइडच, येऊन गेला होता. अशा एखाद्या माणसाच्या पित्ताशयात टायफॉइडचे जंतू वर्षानुवर्षे निवांत राहतात, त्याला त्रास देत नाहीत आणि शौचावाटे बाहेर पडून हाताला लागतात, हे डॉक्टरसाहेबांनी मला त्या दिवशी शिकवले.

एकट्या काशीबाईंवर बोट रोखले जाऊ नये म्हणून डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या घरातल्या चौघांचीही शौचतपासणी करायचे ठरवले. मी चार बाटल्या काशीबाईंच्या सूनबाईंच्या हाती दिल्या. औरंगाबादहून चारही अहवाल निर्दोष आले आणि मी खूश झालो. डॉक्टरसाहेबांनी मात्र काशीबाईंना सहज विचारले, तर त्या म्हणाल्या, "कसली बाटली?"

सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. "सासू-सासऱ्याला असलं कसं मागावं, डॉक्टरसाहेब? मंग मीच भरल्या चारीबी."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. डॉक्टरसाहेब हसून हसून चष्मा पुसत म्हणाले, "सूनबाई, तुमची तब्येत मात्र चौपट चांगली हाय." मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. तेव्हापासून मी बाटली ज्याची त्याच्याच हातात देतो.

काशीबाईंच्या खऱ्या अहवालात जंतू निघाले. मी घाबरलो. ही गोष्ट गावात फुटली असती, तर त्यांच्या हातचे पाणीही कोणी प्यायले नसते. डॉक्टरसाहेबांनी त्यांना एकटीला बोलावून सगळे समजावले. त्या रडू लागल्या. "म्या लोकायला आजारी पाडलं का? आता मला पंगतीत कोन उभं करील?"

"तुम्ही काहीच केलं न्हाई, काशीबाई. न बोलावलेला पाहुणा घरात राहून राह्यला. त्याला आपण बराबर बाहेर काढू."

जालन्याला सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे नव्हते, त्यामुळे ऑपरेशनची गरज पडली नाही. चार आठवडे गोळ्या आणि साबणाने हात धुण्याचा कडक नेम सुरू झाला. नंतर महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन तपासण्या निर्दोष येईपर्यंत स्वयंपाकाला हात लावायचा नव्हता. चूल सूनबाईंनी आनंदाने ताब्यात घेतली. गावाला काय सांगायचे, याचा तोडगाही डॉक्टरसाहेबांनीच काढला. काशीबाईंच्या उजव्या खांद्याला त्यांनी स्वतः पट्टी बांधली आणि खांदा दुखतो, असे जाहीर केले. एका लग्नात ती पट्टी डाव्या खांद्यावर आली. शेजारणीने नेमके हटकले. पंगतीत बसलेले डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "दुखणं सरकलंय. सरकतं कधी कधी." उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेले हे एकमेव खोटे निदान.

तिसरा निर्दोष अहवाल घेऊन ते स्वतः स्कूटरवरून काशीबाईंच्या दारी गेले. पट्टी त्यांनीच सोडली. पुढच्याच लग्नात काशीबाई मठ्ठ्याच्या पातेल्याशी उभ्या होत्या, या वेळी हातात लांब डाव घेऊन. डॉक्टरसाहेब जैन, आले खात नाहीत. काशीबाईंनी त्यांच्यासाठी बिनआल्याचा पेला आधीच बाजूला ठेवला होता. सगळ्या गावादेखत पहिला पेला डॉक्टरसाहेबांनी घेतला आणि दुसरा मागितला. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

हे गुपित आम्ही इतकी वर्षे जपले. आज ते काशीबाईंच्या परवानगीनेच लिहितो आहे. विचारायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "लिव की. आता काय भेव? माझा हात त्यांनी मला माघारी दिला, तेबी लिव."

लिहिले, काशीबाई.

डॉक्टरसाहेब, आपल्या साठीच्या समारंभाचा मठ्ठा कोण करणार, हे आपण ओळखले असेलच. आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. बिनआल्याचा पहिला पेला काशीबाईंनी आपल्या शंभरीसाठीही आजच राखून ठेवला आहे.