कमल उचलायला सोपी होती

माझी पोस्टिंग फायर स्टेशनला झाली तेव्हा मी होमगार्डमध्ये सेक्शन लीडर होते. शिक्षण चौथी. कमल पाटील माझ्याच सेक्शनमधली साधी होमगार्ड. दोघी खानदेशच्या, दोघी सुरतेच्या नवागामात राहणाऱ्या.

स्टेशन ऑफिसर देसाईसाहेबांना नव्या भरतीच्या पोरांचं ट्रेनिंग आखायचं होतं. सुरतेत साड्यांवर खडे लावायच्या कारखान्यांत बायाच जास्त. आगीतून बाई कशी बाहेर काढायची हे पोरांना आलं पाहिजे, म्हणून त्यांनी आम्हाला मागवून घेतलं. सकाळी परेड, मग होज ड्रिल, शिडी, शेवटी रेस्क्यू. रेस्क्यूत कोणीतरी कॅज्युअल्टी व्हायचं, म्हणजे वरच्या मजल्यावर बेशुद्ध पडून राहायचं. पोरांनी खाली आणायचं.

कॅज्युअल्टी रोज कमल. ती काडीसारखी. एकटा पोरगा तिला खांद्यावर टाकून जिना उतरायचा. मोठे साहेब बघायला आले की टाळ्या पडायच्या. पेपरात फोटो आला, त्यातही कमल. मी सेक्शन लीडर, आणि लोकांना मागे सारायला दोरी धरून उभी. फोटोत माझं कोपरसुद्धा नाही. तिचा राग यायचा नाही. हेवा वाटायचा. दोन्ही वेगळं असतं.

एका शनिवारी मी म्हटलं, "साहेब, आज कॅज्युअल्टी मी होते."

साहेब हसले. "रहेवा दो ने, सुमनबेन. छोकरा लोग नवा छे."

कमल म्हणाली, "ताई, तुमले उताराले क्रेन लागी."

पोरं खिदळली.

"आग लागल्यावर सगळ्या तुझ्यासारख्याच सापडतील का गं?" मी म्हटलं. वर गेले आणि आडवी पडले.

चार पोरं आली. उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं. कुठे धरावं कळेना. एक लाजत होता. जिन्याच्या वळणावर अडकलो आणि एक जण पायरीवरच बसला. खालून साहेब ओरडत होते, "टाइम! टाइम!" मी डोळे मिटून पडले होते. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

सोमवारी साहेबांनी ट्रेनिंग बदललं. उचलणं कमी, ओढणं जास्त. खोली अंधारी करायची, धूर करायचा. कारखान्यात साडी हाताशी असतेच. कॅज्युअल्टीला तिच्यावर घ्यायचं, डोक्याकडची टोकं पिळून मुठीत धरायची आणि जिन्यावरून घसरवत आणायचं. कॅज्युअल्टी मी. पाठ काळीनिळी झाली, पण जागा सोडली नाही.

कमल दोन दिवस दोरी धरून उभी होती. मग साहेबांकडे गेली. "पडायचं काम ताईंनी घेतलं. मला आत जाणाऱ्यांत घ्या."

साहेबांनी घेतलं. मी जमिनीवर पडलेली असायचे आणि धुरातून पहिले बूट यायचे ते कमलचे. पोरं मागून. पुन्हा तीच पुढे.

शहरातल्या कतारगामची आग दुपारची. खड्यांचा कारखाना, दुसरा मजला. मी दोरीवर. शेजारी साहेब, हातात वॉकीटॉकी. बहुतेक बाया उतरल्या होत्या. दोघी घाबरून संडासात शिरल्या होत्या, आतून कडी लावून. पोरांनी हाका मारल्या, कडी निघेना. साहेबांनी कमलला वर पाठवलं. तिच्या सेटचं बटण दाबलेलंच राहिलं असावं. आम्हाला खाली ऐकू आलं, "दार उघाड वं माय, मी नवागामनी शे."

मग कडीचा आवाज.

"साहेब, दोघी मिळाल्या. एक चालते. दुसरी बेशुद्ध आहे, वजनदार. आम्ही साडीवर घेतो. ओव्हर."

"जल्दी करो. ओव्हर."

"ताईंना सांगा, त्यांच्यापेक्षा हलकी आहे. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "तिला म्हणावं, बडबड कमी कर."

पहिली बाई चालत आली. जिन्यात दोन पोरं दुसरीला साडीवरून ओढत होती. कमल मागे, पायांकडून ढकलत. वळणावर वरून कापडाचे जळते तागे कोसळले. पोरं आणि बाई वळणाच्या पुढे निघाली होती. कमल निघाली नव्हती.

"कमलबेन, जवाब दो. ओव्हर."

सेट बोलला नाही. साहेब विचारत राहिले. आग विझल्यावर तिला खाली आणलं.

साडीवरून आलेली बाई जगली.

स्टेशनात आता कमलचा फोटो आहे. दरवर्षी नवी बॅच त्याच्यासमोर सावधान उभी राहते. ती बाईही येते. हार घालते आणि फोटोला घरातलं सगळं सांगते. पोरीचं लग्न जमलं, सासू गेली, खोलीचं भाडं वाढलं. जाताना माझ्या शेजारून जाते. मी कोण हे तिला माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही.

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मला वाटतो.

साहेब नाव पुकारतात, "होमगार्ड कमल पाटील." ती माझ्या सेक्शनची होती, हे कोणी म्हणत नाही. मी सॅल्यूट करते आणि हात सगळ्यांच्या नंतर खाली आणते.