डाव्या दारावरचा पोचा

निवृत्तीनंतर हौसेने घेतलेल्या माझ्या पहिल्या जुन्या गाडीचा चोक आज ओढताच हातात आला. वैतागून उतरलो, तर माझी बायको सुमन डाव्या दारावरचा पोचा फडक्याने हळुवार पुसत होती. ते पाहून आणखीच वैतागलो. चार वर्षांपूर्वी शिकताना तिच्या हातून गाडी फाटकाला जेमतेम टेकली होती. पोचा त्याच्या आदल्या दिवशी मीच पाडला होता. तो आपल्यामुळेच पडला असं तिला वाटलं, मी ते तसंच वाटू दिलं आणि तिने स्टिअरिंग कायमचं सोडलं. चार वर्षं या गाडीचं काय काय दुरुस्त करत बसलो मी, एवढं सोडून.

“सुमन, हा पोचा माझा आहे. तू गाडी टेकवलीस त्याच्या आदल्या दिवशीचा.”

तिने फडकं झटकलं. “चोक बसवून घ्या. उद्या मी चालवणार. आणि शेजारी बसून सारखं ब्रेक, ब्रेक करायचं नाही.”